मधली पानं गाळून वाचू नका

ओलीसनाट्यावरच्या थ्रिलर कादंबऱ्या मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे, आणि कादंबरी संपली की इतर वाचकांना ती कशी वाटली हेही आवर्जून बघते. लेखक कुठल्याही देशाचा असो, ओलीस विमानात असोत, बँकेत असोत की वकिलातीत, एक अभिप्राय हटकून सापडतोच. ‘सुरुवात जबरदस्त, शेवट तर कमाल, पण मधली दीडशे पानं नुसती बोलाबोली. तेवढी गाळलीत तरी काही बिघडत नाही.’ खाली त्याला दुजोरा देणारे दहाजण.

मला हे मनापासून पटत नाही. आज जरा सविस्तर लिहिते, कारण या मतामुळे चांगल्या कादंबऱ्या मागे पडतात आणि फुसक्या डोक्यावर घेतल्या जातात.

पहिल्या प्रकरणातला गोळीबार आणि शेवटच्या प्रकरणातली कमांडो कारवाई कुठल्याही अॅक्शन कादंबरीत मिळते. पण दार बंद झालंय, आत माणसं अडकली आहेत, बाहेर कुणीतरी फोन कानाला लावून एकेक तास पुढे ढकलतोय आणि दोन्ही बाजूंना माहीत आहे की हे असंच कायम चालू राहणार नाही, हा ताण फक्त याच प्रकारच्या कादंबरीत असतो. तोच नको असेल तर ओलीसनाट्य वाचायला घ्यायचंच कशाला?

खऱ्या घटना बघा. लंडनमधल्या इराणी वकिलातीचं ओलीसनाट्य ३० एप्रिल १९८० ला सुरू झालं आणि ५ मेच्या संध्याकाळी संपलं. सहा दिवस. ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या खास दलाच्या कमांडोंची प्रत्यक्ष कारवाई? १७ मिनिटं. पेरूची राजधानी लिमामध्ये जपानी राजदूतांच्या निवासस्थानी डिसेंबर १९९६ मध्ये ओलीस धरलेल्यांपैकी शेवटपर्यंत आत राहिलेल्या ७२ जणांतले ७१ सुटले ते १२६ दिवसांनी, एप्रिल १९९७ मध्ये. अशा घटनेवर कुणी प्रामाणिकपणे लिहायला बसलं तर पुस्तकाचा बहुतेक भाग वाट बघण्याचाच होणार. प्रश्न फक्त एवढाच की लेखकाला ती वाट बघणं लिहिता येतं का.

लंडनचंच उदाहरण पुढे नेते, कारण माझ्या मते त्यात अख्ख्या कादंबरीचं सामान आहे. वकिलातीच्या दारावर पहाऱ्याला असलेला पोलीस शिपाई ट्रेव्हर लॉक हाही ओलीस झाला. त्याची झडती घेतली गेली, पण कोटाखालचं रिव्हॉल्व्हर काही हल्लेखोरांच्या हाती लागलं नाही. मग सहा दिवस तो माणूस कोट काढायला तयार नव्हता. पोलिसाने पोलिसासारखं दिसायला हवं, अशी सबब त्याने सांगितली. जेवण पुढे आलं तरी तो नाही म्हणायचा. कारण खाल्लं की शौचाला जावं लागणार, सोबत एखादा बंदूकधारी येणार, कोट बाजूला करावा लागणार आणि रिव्हॉल्व्हर दिसणार.

आता सांगा, यात कुठे गोळीबार आहे? स्फोट आहे? तरीही एक माणूस समोर आलेलं ताट नाकारतोय आणि आपला श्वास अडकतो. मधली पानं लिहायची ती अशी.

त्याच घटनेतला आणखी एक प्रसंग. बाहेर पोलिसांना भिंतीत छिद्रं पाडून आतलं बोलणं ऐकणारी यंत्रं बसवायची होती. त्या आवाजावर आवाज चढावा म्हणून आधी शेजारच्या रस्त्यावर गॅस कंपनीकडून खोदकाम करवून घेतलं. त्या खणखणाटाने आतले लोक बिथरायला लागले, तेव्हा ते थांबवलं आणि हीथ्रो विमानतळावर उतरणारी विमानं वकिलातीवरून कमी उंचीवर न्यायला सांगितलं. शेजारच्या इमारतीच्या बाजूनेही भिंतीच्या विटा काढणं चालू होतं. शेवटच्या दिवशी हल्लेखोरांच्या म्होरक्याला त्या भिंतीला एक फुगवटा दिसला. त्याने कुणाला बोलावलं? लॉकलाच. ‘हे काय आहे?’ म्हणून त्याला भिंत दाखवली. कोटाखाली रिव्हॉल्व्हर, समोर फुगलेली भिंत, बाजूला संशयाने बघणारा बंदूकधारी, आणि चेहऱ्यावर काही न दाखवता उत्तर द्यायचंय. पोलीस आत घुसतील असं काही मला वाटत नाही, असं लॉकने त्याला समजावलं. म्होरक्याचं समाधान झालं नाही. हे मी कादंबरीत वाचलं असतं तर लेखकाला शंभरपैकी शंभर दिले असते.

‘बोलाबोली’ म्हणून जिची संभावना होते त्या वाटाघाटींबद्दल तर मला फारच बोलायचंय. वाटाघाटीची प्रकरणं रटाळ वाटतात तेव्हा बहुतेक वेळा दोष लेखकाचा असतो. त्याने वाटाघाटी करणाऱ्याला एकतर संतमहात्मा केलेलं असतं, नाहीतर कमांडोंच्या वाटेत येणारा भित्रा सरकारी माणूस. हे काम खरं कसं चालतं ते लेखकाला माहीत असेल तर या पानांना चाकूसारखी धार येते.

हे शास्त्र तसं अलीकडचं आहे. म्युनिक ऑलिंपिकमध्ये ५ सप्टेंबर १९७२ ला इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षकांना ओलीस धरलं गेलं, तेव्हा काय करायचं याची कुणाकडे धड तयारीच नव्हती. पोलीस छतावर चढत होते ते टीव्हीवर थेट दिसत होतं आणि आतल्या हल्लेखोरांसमोरही टीव्ही होता. पुढे हल्लेखोर ओलिसांना घेऊन विमानतळावर आले, तिथे आठ हल्लेखोरांसाठी नेमबाज होते पाच, आणि त्यांच्यात आपसांत बोलायला वायरलेसही नव्हते. ११ खेळाडू आणि प्रशिक्षक गेले, एक जर्मन पोलीसही गेला. त्यानंतर जर्मनीने जीएसजी-९ हे खास दल उभारलं. अॅक्शन कादंबऱ्यांना हा भाग बरोबर ठाऊक असतो. मात्र त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या पोलीस दलात फ्रँक बोल्झ आणि मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला डिटेक्टिव्ह हार्वी श्लॉसबर्ग यांनी १९७३ मध्ये बोलून माणसं सोडवणारं पथक उभं केलं, याची आठवण फार कमी लेखकांना असते. वेळ हा आपला शत्रू नाही, मित्र आहे, हा विचार तिथून रुजला. वेळ गेला की माणूस दमतो, त्याला भूक लागते, झोप येते, पहिल्या तासातला आवेश ओसरतो.

यातले बारकावे बघा. वाटाघाटी करणारा आणि निर्णय घेणारा कधीही एकच माणूस नसतो. ‘मला वरती विचारावं लागेल’ हे वाक्य त्याला खरंखुरं म्हणता आलं पाहिजे, कारण त्या एका वाक्यात अर्धा तास निघतो. फोनवर तो एकटा दिसला तरी शेजारी दुसरा बसलेला असतो, कानाला हेडफोन लावून ऐकणारा आणि चिठ्ठ्या सरकवणारा. मुदत द्यायचीच असेल तर ती समोरच्याने द्यावी, आपण घड्याळाचा विषय काढायचा नाही, आणि मुदत जवळ आली की त्याला बोलण्यात असं गुंतवायचं की ती त्याच्याही नकळत टळून जावी. अन्न पाठवायचं ते शक्यतो एकेकाची वेगळी पाकिटं करून नाही, सगळ्यांत मिळून वाटून घ्यावं लागेल असं. म्हणजे बंदूक धरलेला हात ओलिसाला घास वाढतो आणि दोघांत काहीतरी नातं तयार होतं. पुढे गोळी झाडायची वेळ आली की तो हात किंचित अडखळतो.

आता या ज्ञानानिशी एक प्रकरण कल्पून पाहा. सहा वाजता पहिल्या ओलिसाला मारू, अशी धमकी आलेली आहे. पावणेसहा झालेत. फोनवरचा माणूस विचारतोय, आत किती जणांना औषधं लागतात? मधुमेह कुणाला आहे? कुठली गोळी, सकाळची की रात्रीची? समोरचा वैतागून का होईना, ओलिसांना विचारून उत्तरं देतोय. शेजारच्याने चिठ्ठी सरकवली: ‘५.५८’. फोनवरचा माणूस विचारतो, गोळी जेवणाआधी की नंतर? हे रटाळ आहे? मला तरी नाही वाटत.

आणि याच पद्धतीतली सगळ्यात जीवघेणी गोष्ट म्हणजे शेवटी तो विश्वास मोडावा लागतो. लंडनला सहाव्या दिवशी एका ओलिसाला ठार करून त्याचा मृतदेह दाराबाहेर टाकला गेला, आणि मग पोलिसांनी कागदावर सही करून सूत्रं लष्कराकडे दिली. त्यानंतरही फोन चालूच होता. म्होरक्याशी त्यांना न्यायला येणाऱ्या बसबद्दल बोलणं चाललं होतं, आणि ते चालू असतानाच छतावरून कमांडो उतरले. सहा दिवस ज्याला नावाने हाक मारली, शांत केलं, त्याला शेवटपर्यंत फोनवर खिळवून ठेवायचं. असं काम केलेला माणूस त्या रात्री घरी जाऊन झोपू शकला असेल? एखादा कादंबरीकार इथे दहा पानं थांबला तर मी ती दहाही पानं वाचेन. पण बहुतेक कादंबऱ्यांत धडाका सुरू झाला की वाटाघाटी करणारा गायबच होतो. तो त्या खोलीत बसलाय, कानाला फोन आहे, फोनमधून आवाज येतायत. त्याचं पुढे काय झालं?

वाचकांमध्ये कायम भांडणाचा दुसरा विषय म्हणजे आत अडकलेला एकटा हीरो. माजी कमांडो असतो, सुट्टीवर असतो, नेमका त्याच इमारतीत असतो. काहींना तो हवाच असतो, काहींना बालिश वाटतो. मला स्वतःला तो आवडतो, पण एका अटीवर: त्याच्या प्रत्येक धाडसाची किंमत कुठल्या तरी ओलिसाला मोजावी लागू शकते, हे त्याला दर क्षणी जाणवलं पाहिजे. लॉककडे सहा दिवस भरलेलं रिव्हॉल्व्हर होतं आणि सहा दिवस त्याने ते काढलं नाही, कारण समोर सहा बंदूकधारी होते. काढलं असतं तर एक-दोन पडले असते आणि मग उरलेल्यांनी ओलिसांचं काय केलं असतं याचा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का होता. शेवटच्या क्षणी कमांडो खिडकीतून आत येत असताना त्याने म्होरक्यावर झडप घातली. तेव्हाही गोळी त्याने नाही, कमांडोने झाडली. हीरो असावा तर असा, हात आवरणारा.

बंदुकांच्या तपशिलांवर होणारी भांडणं मी सोडून देते. मॅगझिनमध्ये गोळ्या किती, सायलेन्सरचा आवाज कसा, यावर लिहिणारे वाचक जाणकार असतात आणि त्यांचं म्हणणं बरोबरही असतं. माझं लक्ष दुसरीकडे असतं: खोलीत बाथरूम आहे का, ओलिसांना पाणी कोण देतंय, रात्री दिवे चालू आहेत की बंद. या प्रश्नांची उत्तरं नसलेली कादंबरी माझ्यासाठी तिथेच पडते.

पण एक गोष्ट सोडून देण्यासारखी नाही. एखादा ओलीस हल्लेखोरांशी माणसासारखा बोलला की लगेच कादंबरीतला कुणी डॉक्टर ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ म्हणतो, म्हणजे ओलिसाला पकडणाऱ्याबद्दलच आपुलकी वाटायला लागली असं, वाचकही मान डोलावतात आणि ते पात्र, बहुतेक वेळा बाईच, त्या क्षणापासून बिनडोक ठरतं. मूळ घटना काय होती? २३ ऑगस्ट १९७३ ला स्टॉकहोमच्या एका बँकेत एक सशस्त्र दरोडेखोर शिरला. चार कर्मचारी ओलीस झाले, तुरुंगातून आणखी एका गुन्हेगाराला त्याच्या मागणीनुसार आत आणून सोडलं गेलं, आणि सहा दिवस हे चाललं. त्यातल्या एका विशीतल्या कर्मचारी तरुणीने खुद्द पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याशी फोनवर बोलून सांगितलं की आम्हाला यांच्याबरोबर बाहेर जाऊ द्या, मला या दोघांची भीती वाटत नाही, भीती वाटते ती पोलीस हल्ला करतील आणि त्यात आम्ही मरू याची. पोलिसांनी तर तिजोरीचं दार ओलीस आत असतानाच बंद करून टाकलं होतं आणि वरून छिद्रं पाडायला घेतली होती. अशा वेळी तिची भीती वेड म्हणायची की शहाणपण? त्या ‘सिंड्रोम’चं निदान ज्या मानसोपचारतज्ज्ञाने केलं तो पोलिसांचा सल्लागार होता, आणि निदान करण्याआधी तो तिच्याशी बोललाही नव्हता.

म्हणून मला अशी कादंबरी हवी असते जिच्यात ओलीस विचार करतात. कुणावर विश्वास ठेवायचा, कुणाशी बोलायचं, कधी गप्प बसायचं याचे निर्णय घेतात. आत बसलेल्या माणसाला बाहेरचे पोलीस देवदूत वाटतीलच असं नाही. आणि त्याचं गणित अनेकदा बरोबर असतं.

ते किती बरोबर असतं ते मॉस्कोत दिसलं. ऑक्टोबर २००२ मध्ये दुब्रोव्का नाट्यगृहात आठशेहून जास्त प्रेक्षक आणि कलाकार ओलीस होते. तिसऱ्या दिवसानंतरच्या पहाटे आत गुंगीचा वायू सोडला, हल्लेखोर सगळे मारले गेले. अधिकृत आकड्याप्रमाणे १३० ओलीसही गेले, बहुतेक सगळे त्या वायूच्या परिणामाने. बाहेर उभ्या डॉक्टरांना वायू कुठला वापरलाय हेच सांगितलं नव्हतं. बेशुद्ध माणसांना उताणं टाकलं गेलं आणि जीभ मागे जाऊन, उलटी अडकून माणसं गुदमरली. कारवाई यशस्वी झाली होती.

शेवटच्या प्रकरणाबद्दल माझी जी तक्रार आहे ती इथे येते. ‘दुर्दैवाने तीन ओलीस दगावले’ असं एक वाक्य टाकून कादंबरी हीरोच्या पत्रकार मैत्रिणीकडे वळते आणि वाचक लिहितात, ‘जबरदस्त क्लायमॅक्स!’ युगांडातल्या एंटेबी विमानतळावरून इस्रायली कमांडोंनी १९७६ मध्ये केलेली अपहृत विमानातल्या प्रवाशांची सुटका ही अशा कारवायांमध्ये सगळ्यात गाजलेली. सुमारे चार हजार किलोमीटरवरून चार हर्क्युलीस विमानं आली, युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनच्या गाडीसारखी दिसणारी काळी मर्सिडीज पुढे घातली, शंभरावर माणसं सुखरूप परत नेली. हे सगळं खरं आणि थक्क करणारं. पण त्याच रात्री एक १९ वर्षांचा मुलगा सुटकेच्या आनंदात उठून उभा राहिला आणि सोडवायला आलेल्यांनीच त्याला हल्लेखोर समजून गोळी घातली. डोरा ब्लॉक नावाची वृद्ध बाई घास अडकल्यामुळे कंपालाच्या इस्पितळात होती. विमानं तिच्याशिवाय गेली आणि नंतर अमीनच्या माणसांनी तिला मारलं. आणि एअर फ्रान्सचे कॅप्टन मिशेल बाकोस? अपहरणकर्ते काही प्रवाशांना सोडत होते, त्यांच्याबरोबर जायची संधी बाकोस आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांना होती. माझे प्रवासी इथे आहेत तोवर मी जाणार नाही, असं म्हणून ते मागे राहिले. कर्मचारीही राहिले. या एका निर्णयावर तीन प्रकरणं होतील.

काही वाचक म्हणतात, थ्रिलरकडून इतकी अपेक्षा कशाला, दोन घटका करमणूक झाली की पुरे. करमणूक मलाही हवी असते, मीही रात्री जागून एका बैठकीत वाचते. पण ज्याचा जीव धोक्यात आहे त्याची ओळखच नसेल तर मी जागायचं कुणासाठी? ‘लाल स्वेटरवाली बाई’, ‘रडणारं मूल’, ‘जाडा व्यापारी’ एवढ्यावर ओलिसांची बोळवण होते तेव्हा बंदूक कुणाच्याही कपाळावर टेकवली तरी मला काही वाटत नाही. त्या बाईला संध्याकाळी कुठे पोहोचायचं होतं हे मला आधी कळलेलं असेल, शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला तिने आपल्या बाटलीतलं शेवटचं पाणी दिलेलं मी पाहिलेलं असेल, तर मग एका साध्या पावलांच्या आवाजानेही घशाला कोरड पडते. आणि ही ओळख होते कुठे? मधल्या दीडशे पानांत.

निर्णय न होण्याचाही थरार असतो, तोही याच पानांत. इंडियन एअरलाइन्सचं अपहृत विमान आयसी-८१४ डिसेंबर १९९९ मध्ये अमृतसरला पाऊण तासाच्या आसपास उभं होतं आणि मग उडून गेलं. त्या वेळात विमानाच्या आत, कंट्रोल टॉवरमध्ये आणि दिल्लीत एकाच वेळी काय चाललं असेल, यावर मिनिटामिनिटाने लिहिलेली कादंबरी मी एका दमात वाचेन, आणि तिच्यात एकही गोळी सुटली नाही तरी चालेल.

ज्यांना मधला भाग खरंच कंटाळवाणा वाटतो त्यांना एक विनंती. पुढची कादंबरी वाचताना ती पानं चाळू नका. खोलीत किती ओलीस आहेत, कोण कुठे बसलंय, कुणाकडे काय लपवलेलं आहे, फोनवरच्या माणसाने कुठला शब्द टाळला, हे बघत वाचा. तरीही कंटाळा आला तर लेखक कच्चा आहे असं खुशाल लिहा, मीही तुमच्याबरोबर लिहीन. पण ‘बोलाबोली कमी करा, धडाका वाढवा’ असं मात्र लिहू नका. लेखक आणि प्रकाशक हे अभिप्राय वाचतात.

कॉमेंटमध्ये मला एवढंच सांगा: वाचून वर्ष उलटलं तरी एखाद्या ओलिसाचं नाव लक्षात राहिलंय अशी कादंबरी तुमच्याकडे आहे का? हीरोचं नको, खलनायकाचंही नको, ओलिसाचं. असेल तर पुस्तकाचं नाव लिहा. मराठीत असेल तर आधी लिहा.